दोनदा पडलेला सोडा

९ फेब्रुवारी

धाकटे,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद काढला. घाबरू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. आईंचा गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा जास्त त्या कुरकुरतात. तुझे भाऊजी सकाळी आठला जातात ते संध्याकाळी सातला उगवतात. मधल्या वेळात आम्ही सासूसुना एकमेकींची तोंडं बघत बसतो.

लिहायचं कारण, कपाट आवरताना तुझी नोझलांची डबी सापडली. क्रीमची फुलं काढायची ती, पत्र्याची. वर्ष झालं तुम्हाला जाऊन, तुला लागली नाही का? की दुसरी घेतलीस? या पत्रासोबत पाठवते आहे.

कपकेकचं आपलं काम मी बंद केलंय. पाठ धरते, तासन्‌तास उभं राहवत नाही. लोक अजून विचारतात. मी सांगते, जाऊबाई नवऱ्याच्या बदलीच्या गावी गेल्या, एकटीला झेपत नाही.

तू मनात अढी धरून गेलीस हे मला कळत नाही असं नाही. पण शाळेची ती ऑर्डर जरा आठव. मोठ्या बाई निवृत्त होत होत्या, एकशेवीस कपकेक सांगितले होते, आणि पहिल्याच घासाला माणसांनी तोंडं वाकडी केली. "साबण खाल्ल्यासारखं लागतंय," असं कुणीतरी सगळ्यांदेखत म्हणालं. सोडा मोजायचं काम तुझं होतं. त्यावर मी घरी येऊन काय म्हणाले? "मोजताना लक्ष कुठे होतं?" एवढंच. बाकीचं आई बोलल्या, हे बोलले. माझ्या तोंडून जास्त काही गेलं नाही.

माणसाच्या हातून होतं. मी ते कधीच मनातून काढून टाकलंय. तूही टाक.

डबी मिळाल्याचं कळव.

तुझी,
ताई


२३ फेब्रुवारी

धाकटे,

डबी मिळाल्याची पोच आली. सही तुझीच, शेवटचा फराटा ओळखला. सोबत चिठ्ठी नाही. असू दे.

मंगळवारी दूध करपलं. म्हणजे उतू गेलं आणि खाली लागलं असं नाही, पातेलं कामातून गेलं. मी तिथेच होते, दोन हातांवर, ओट्याकडे पाठ करून भाजी चिरत होते. आई आतल्या खोलीतून भिंत धरत धरत आल्या.

"अगं, घर पेटवतेस का?"

वळून बघते तर पातेल्यातून धूर. गॅस बंद केला, खिडकी उघडली. म्हटलं, "विचारात होते, आई."

"विचारात माणसाला दिसत नाही, ऐकू येत नाही. नाक कुठे जातं?"

मी पातेलं घासायला घेतलं. त्या स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "मी दिवसातून तीनदा गुडघ्याला ते तेल चोळते. त्याच्या वासाने वरच्या मजल्यावरची बाई खिडक्या लावून घेते. तुझा नवरा पेपर घेऊन गॅलरीत पळतो. तू मात्र माझ्या शेजारी बसून जेवतेस, कधी नाक मुरडलं नाहीस. मला वाटायचं, थोरली किती समजूतदार. तुला वास येतच नाही होय!"

मला हसू आलं. मग हसताहसता भलतंच झालं, आणि मी तोंडावर पदर धरला. आईंनी मला रडू दिलं. नंतर विचारलं, "केव्हापासून?"

"झाले असतील दोन-तीन महिने," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. दोन-तीन महिने हे खोटं आहे. खरं काय ते तुला लिहायचं म्हणून बसले होते, पण आता नको. ते पातेलं आज पुन्हा घासलं, हात भरून आलेत. पुढच्या खेपेला लिहिते.

ताई


२ मार्च

धाकटे,

चार दिवस हा कागद टेबलावर आहे. कामाची बाई रोज तो उचलून फडकं मारते आणि परत ठेवते.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये मला ताप आला होता, आठवतंय? तू माझ्या कपाळावर ओल्या घड्या ठेवत होतीस. ताप पाच दिवसांत उतरला. त्याच्याबरोबर वास गेला, आणि वासामागून चव गेली. चहा म्हणजे गरम पाणी. जिभेच्या टोकाला गोड आणि खारट तेवढं कळायचं, तेही भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसं. मला वाटलं आठवड्यात येईल. मग वाटलं महिन्यात येईल. शाळेची ऑर्डर सप्टेंबरअखेरीची. तोवर मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

का नाही सांगितलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दर वेळी वेगळं उत्तर देते. आज त्यातलं सगळ्यात वाईट देते, तेच बहुधा खरं असेल.

तू या घरात आलीस तेव्हा मी आठ वर्षं एकटी केक करत होते. थोरलीच्या जिभेला तोड नाही, असं लोक म्हणायचे. मला दुसरं काय येत होतं? शिक्षण बेताचं, बोलणं तिखट. मग तू आलीस आणि केकवर क्रीमची फुलं उमलायला लागली. गुलाब काय, शेवंती काय. लोक आले की आधी फोटो काढायचे. क्रीमचा फोटो निघतो, धाकटे. आतल्या केकचा कुणी काढत नाही. माझ्याकडे जीभ तेवढी उरली होती, आणि तीही गेली हे तुला कळू द्यायचं नव्हतं. तुला तर नाहीच.

आता तो दिवस.

सकाळी तू मैदा चाळलास, सोडा घातलास, चार पातेल्यांत सारखं वाटून ठेवलंस आणि लोणी कमी पडेल म्हणून खाली दुकानात गेलीस. जाताना दारातून म्हणालीस, "ताई, सोडा घातलाय हं." मी "हो" म्हटलं. हे मला अगदी लख्ख आठवतं, चप्पल घालताना तू एका पायावर उभी होतीस. आणि तरी पाच मिनिटांनी मी सोड्याचा डबा उघडून चारही पातेल्यांत पुन्हा घातला. हात सवयीने चालला. मुद्दाम नाही केलं, एवढं मात्र खरं मान. डोकं भलतीकडे होतं. वास न येणारं माणूस दिवसभर त्याच एका गोष्टीचा विचार करतं.

कपकेक निघाले ते नेहमीपेक्षा काळपट. तू म्हणालीस, "रंग बघा ना, ताई. एक चाखता का?" चाखायचं काम माझंच असायचं, तू कधी मध्ये पडायची नाहीस. मी एक मोडला, चावला. तोंडात ओला कापूस कोंबल्यासारखं झालं. "छान झालेत," मी म्हटलं. "ओव्हन जरा जास्त तापला असेल."

तू तेवढ्यावर विश्वास ठेवलास आणि क्रीम करायला घेतलंस. एकशेवीस फुलं काढलीस. जिच्या जिभेला काही कळत नव्हतं तिच्या शब्दावर.

शाळेत पहिलं माणूस "साबण" म्हणालं त्याच क्षणी मला सगळं कळलं. नंतर कळलं असं मी आजवर मनाशी म्हणत आले, पण नाही, तेव्हाच. मोठ्या बाईंनी विचारलं, "सोडा कुणी घातला?" आणि तू म्हणालीस, "मी."

ते काही खोटं नव्हतं. म्हणून मला गप्प राहता आलं.

ताई


११ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण तुला लिहिलं म्हणजे घरातल्यांना सांगितलं असं होत नाही. ते तोंडाने सांगायला मला जमेना. दोनदा सुरुवात केली. एकदा यांनी टीव्हीचा आवाज वाढवला, एकदा मीच "मीठ देऊ का" म्हणाले.

मग रविवारी दुपारी मी दीड वर्षांनी ओव्हन लावला. सगळं काट्यावर मोजून केलं, तुझी इथे राहिलेली वही बघून. आठ कपकेक. चारांत सोडा एकदा, चारांत दोनदा. क्रीम लोण्याचंच केलं, तुझ्यासारखं पांढरंशुभ्र काही झालं नाही आणि फुलाच्या जागी गोगलगाय निघाली. दोन्हींवर सारखीच फासली, वरून फरक कळू नये म्हणून.

चार वाजता यांना आणि आईंना टेबलाशी बसवलं. आधी नीट झालेला दिला.

"अरे वा," हे म्हणाले. "पुन्हा सुरू करतेस की काय?"

आई म्हणाल्या, "बरा आहे. दिसायला दळभद्री आहे."

मग दुसरा दिला. यांनी मोठा घास घेतला आणि तो तसाच तोंडात धरून बसले. बेसिनशी जाऊन थुंकले, दोनदा चूळ भरली.

"हीच ती," हे म्हणाले. "हीच शाळेची चव. धाकटीने केला होता अगदी तस्सा. हा कुठून आला?"

"मी केला. आत्ता. सोडा दोनदा घालून."

"दोनदा कशाला?"

"तेव्हाही दोनदाच पडला होता. एकदा तिने घातला, एकदा मी. ती सांगून गेली होती की घातलाय. मी चाखून छान म्हणाले, कारण मला चव नाही. दीड वर्ष नाही."

हे हातातला टॉवेल घडी करत राहिले. चौकोनी घडी, मग आणखी छोटी. मग म्हणाले, "त्यावरून मी माझ्या भावाला काय काय बोललो, माहीत आहे ना तुला? तुझ्या बायकोने चारचौघांत घराची लाज घालवली म्हणालो. तो तेव्हा माझ्यासमोर मान खाली घालून उभा होता. बदली त्याने मागून घेतली. ऑफिसने केली नाही."

हे मला माहीत नव्हतं. तुला असणारच.

"तू तेव्हा कुठे होतीस?" यांनी विचारलं.

"स्वयंपाकघरात."

"ऐकू येत होतं?"

"हो."

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. आई तोवर दुसरा कपकेक खात होत्या. सोड्याचा. क्रीम बाजूला न काढता, घासाघासाने पुरता संपवला. मी म्हटलं, "आई, राहू द्या, पोट बिघडेल."

"बिघडू दे," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला मी म्हटलं होतं, तुझ्या हाताला वळण नाही, आईने काही शिकवलं नाही. तिची आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तू इथेच, या खुर्चीवर बसून शेंगा सोलत होतीस."

हो. सोलत होते.

त्या दिवसापासून घरात कुणी माझ्याशी भांडत नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. हे चहा घेतात, "साखर ठीक आहे" म्हणून सांगतात, जणू मला कळावं म्हणून. मी खूप दमलेय, धाकटे. एखादं जड कपाट पाठीवर घेऊन जिने चढावेत, आणि वर गेल्यावर कळावं की चुकीच्या घरात आणलं, तसं झालंय.

यांनी काल भावाला फोन केला. तो काय म्हणाला ते मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.

ताई


२९ मार्च

धाकटे,

तुझं पत्र सोमवारी आलं. सातच ओळी आहेत. मी त्या दिवसभर पुन्हा पुन्हा वाचल्या. रागावलेली असशील, रडलेली असशील, अशी सगळी तयारी करून पाकीट फोडलं होतं. हे असं काही असेल असं मनात आलं नव्हतं.

"ताई, मला माहीत होतं," असं तू लिहिलंस. शाळेहून आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू व्हॅनिलाची बाटली माझ्यापुढे धरलीस आणि विचारलंस, "ही उतरलीय का हो?" मी वास घेऊन म्हटलं, "नाही, छान आहे." बाटलीचं झाकण लावलेलंच होतं.

मला ही बाटली आठवतसुद्धा नाही. तुझ्यासाठी केवढी गोष्ट, आणि माझ्या लक्षातही राहिली नाही.

चार महिने तू त्याच ओट्याशी माझ्या शेजारी उभी राहून पोळपाट धुतलास, भांडी पुसलीस, आणि वाट बघितलीस. "तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल. सोड्याचं मला काही वाटलं नसतं, तो कुणाच्याही हातून पडतो." मग तू लिहिलंयस की आता पत्रांत मी सगळं समजावून सांगितलं, ताप, जीभ, फुलं, फोटो, सगळं. आणि शेवटची ओळ: "समजलं मला. पण हे तुम्ही मला समजावताय की स्वतःला?"

मी पत्र घडी करून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी साडी बदलून शाळेत गेले. मोठ्या बाई तर आता नसतातच, मुलाकडे राहायला गेल्यात म्हणे. पण तेव्हा ऑर्डर देणाऱ्या ऑफिसातल्या बाई अजून आहेत. त्याच जागी, त्याच चष्म्यात, फायलींच्या ढिगाआड. मी माझी ओळख सांगितली.

"कपकेक?" त्या म्हणाल्या. "बाई, इथे महिन्याला एक समारंभ असतो. कुठले कपकेक?"

मी सांगितलं. साबणासारखे लागलेले. तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"केक कसे होते ते नाही आठवत. पण ती मुलगी आठवते. लोक अर्धे खाल्लेले केक तिथेच टाकून गेले होते. ती एकेका टेबलाशी जाऊन ते उचलत होती आणि प्रत्येकाची माफी मागत होती. चहा देणाऱ्या मावशींचीसुद्धा. मावशींनी तर केक खाल्लाही नव्हता. मी म्हटलं, अगं राहू दे, आमची माणसं आवरतील. तर म्हणाली, नाही, माझी चूक आहे. तुमची कोण ती?"

"माझी धाकटी जाऊ. आणि चूक तिची नव्हती. माझी होती. तेच सांगायला आलेय."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाल्या, "हे मला सांगून काय उपयोग? तिला सांगितलंत का?"

"पत्रं लिहिली. चार."

"पत्र कशाला? तोंड आहे ना?" आणि टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवून त्या फायली घेऊन बाहेर गेल्या. दारही लोटून घेतलं.

पुढचं तुला माहीतच आहे, पण मी रडत होते, अर्धं तुला ऐकू गेलं नसेल, म्हणून इथे नीट लिहून ठेवते. नंबर ओळखीचा नसल्यामुळे तू फोन उचललास. तुझ्यामागे एवढा घरघराट चालला होता की मला वाटलं चुकीचा लागला. मी म्हटलं, "धाकटे, मी बोलतेय." घरघराट थांबला नाही. मी म्हटलं, "मी शाळेतून बोलतेय." तरी तो तसाच. मला वाटलं, आता ठेवशील.

मग तू म्हणालीस, "थांबा ताई, बीटर बंद करते."

तो बंद झाला. तू काही विचारलं नाहीस. मी ताप म्हटलं नाही, जीभ म्हटलं नाही. "चूक माझी होती आणि मी तुला एकटीला उभं केलं, मला माफ कर," एवढंच म्हटलं. तू हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. मग म्हणालीस, "क्रीम खाली बसतंय, ताई. उद्या करा फोन. या वेळेला."

केला मी. उचललास तू.

तुझी,
ताई